पाळणा उतरवण्याआधी

२८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या 'सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर' या पार्कात सुरुंग लावून 'किंगडा का' हा रोलर कोस्टर पाडण्यात आला. २००५ साली सुरू झाला तेव्हा तो जगातला सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान कोस्टर होता. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर. तिथल्याच एडिसन आणि आसपासच्या गावांत वाढलेल्या मराठी मुलांसाठी हे घराजवळचं पार्क. उंचीच्या पट्टीला डोकं टेकलं की 'आता मला किंगडा का वर बसू द्या' हा हट्ट तिथल्या मराठी घरांनाही परका नाही. कोस्टर पाडला याचं चाहत्यांना वाईट वाटलंच, पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची होती. १० नोव्हेंबर २०२४ ला तो शेवटचा धावला आणि तो कायमचा बंद होत असल्याची घोषणा १४ नोव्हेंबरला झाली. शेवटची फेरी ही शेवटची आहे, हे बसलेल्यांना कुणी सांगितलंच नाही.

राइड काढणं, बदलणं, सुधारणं यावर चाहते जगभर तावातावाने बोलतात. बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. मला तसं वाटत नाही. ज्या जागी माणूस पहिल्यांदा भीतीवर मात करतो, आईचा हात सोडून एकटा बसतो किंवा म्हातारपणी नातवासोबत पुन्हा ओरडतो, ती जागा सार्वजनिक आठवणीचा भाग असते. ती कधी काढावी, कशी बदलावी आणि त्यात लोकांचं म्हणणं किती ऐकावं, हा गंभीर प्रश्न आहे. आपल्याकडच्या आणि बाहेरच्या उदाहरणांवरून त्याच्या बाजू तपासायला हव्यात.

दरवर्षी उतरणारा पाळणा

सुरुवात जत्रेपासून करावी लागते, कारण भारतातल्या बहुसंख्य लोकांची पहिली राइड पार्कातली नसते. उदाहरणार्थ, झाशीच्या सीपरी बाजारात राहणाऱ्या कुटुंबाला विचारलं, तर हिवाळ्यातला ग्वाल्हेरचा मेळा आधी आठवेल. रेल्वेने शंभरेक किलोमीटर. हा मेळा १९०५ साली माधवराव शिंदे यांनी सुरू केला. आज त्यात पाळण्यांचा वेगळा विभाग असतो, त्याला तिथे 'झूला सेक्टर' म्हणतात. झाशीची मराठी घरं असोत की बुंदेली, रात्रीच्या दिव्यांत फिरणारा मोठा पाळणा ही दोघांची सामाईक आठवण आहे. महाराष्ट्रात हेच काम गावोगावच्या जत्रा आणि शहरांतले आनंदमेळे करतात.

जत्रेतला पाळणा दरवर्षी काढला जातो आणि दरवर्षी पुन्हा उभा राहतो. ते काम जवळून पाहण्यासारखं असतं. ट्रकमधून लोखंडी आरे उतरतात. कोणता आरा कोणत्या खोबणीत बसायचा याचे आकडे ऑइलपेंटने दोन्ही टोकांना लिहिलेले असतात. जमीन सपाट नसली की पायाखाली लाकडी ठोकळे सरकवून पातळी साधतात. मधला आस चढतो, आरे जोडले जातात, प्रत्येक जोडात जाड पिन आणि ती निसटू नये म्हणून तिच्या भोकात आडवी बारीक पिन. मग डबे लटकवतात. काळजी घेणारा मालक आधी रिकामा पाळणा फिरवतो, मग डब्यांत वाळूची पोती ठेवून फिरवतो आणि त्यानंतरच माणसं बसवतो.

यात मोठी सोय अशी की प्रत्येक भाग वर्षातून काही वेळा हातात येतो आणि झिजलेली पिन, तडा गेलेलं वेल्डिंग डोळ्यांना दिसतं. धोकाही इथेच असतो. तीच जोडणी घाईत झाली, एक बारीक पिन राहिली किंवा झिजलेली पिनच पुन्हा बसवली, तर तपासायला दुसरं कुणी नसतं. ४ सप्टेंबर २०२२ ला मोहालीच्या मेळ्यात उंच मनोऱ्यावरून खाली येणारा पाळणा सरळ जमिनीवर आदळला आणि दहाहून अधिक माणसं जखमी झाली. जत्रेतल्या जुन्या पाळण्याबद्दल बोलताना नुसत्या आठवणींच्या जोरावर तो टिकवा म्हणता येत नाही.

फुलराणी: टिकवून दाखवलेलं उदाहरण

कायमच्या राइडचं सर्वांत जवळचं मराठी उदाहरण म्हणजे पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी. ८ एप्रिल १९५६ ला ही छोटी गाडी सुरू झाली. पर्वतीच्या पायथ्याशी, सारसबागेला लागून असलेल्या या उद्यानात तेव्हा प्राणिसंग्रहालयही होतं. पुढे प्राणी कात्रजला हलवले गेले आणि उद्यानाचं रूप बदललं, पण फुलराणी तिथेच राहिली. पुण्यात वाढलेल्या तीन पिढ्या तिच्यात बसल्या आहेत.

फुलराणीत वेग नाही, उंची नाही, पोटात गोळा येईल असं काही नाही. विक्रमांच्या यादीत तिला जागा मिळणार नाही. तरी ती टिकली, कारण शहराने तिला आपलं मानलं. मालकी महापालिकेची असल्याने तिकीटविक्रीचा ताळेबंद हाच एकमेव निकष राहिला नाही. आणि लोकांच्या मनात तिला जन्मतारीख आहे, नाव आहे. ज्या गोष्टीची जन्मतारीख लोकांना माहीत असते ती गुपचूप नाहीशी करणं अवघड असतं.

मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली वनराणी वेगळी गोष्ट सांगते. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात तिच्या मार्गाचं मोठं नुकसान झालं आणि गाडी थांबली. त्यानंतर मार्ग नव्याने बांधायचं आणि बॅटरीवर चालणारी, मोठ्या काचांची नवी गाडी आणायचं काम हाती घेण्यात आलं. इथे राइड कुणी काढली नव्हती, निसर्गाने मोडली होती. तरीही जे उभं राहायचं ते जुनीची दुरुस्ती असावं की नवीच गाडी, हा प्रश्न आला. जंगलात धूर आणि आवाज नको हे कुणीही मान्य करेल. पण नाव तेच ठेवलं, वाट तीच ठेवली, तर नव्या डब्यातही आजोबांना आपली गाडी ओळखता येते. चांगल्या सुधारणेची ही पहिली खूण.

गोराई आणि प्रगती मैदान: जमीन महाग झाली की

एस्सेल वर्ल्ड हे पार्क १९८९ साली मुंबईत गोराईला सुरू झालं. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकात जन्मलेल्या महाराष्ट्रातल्या शहरी मुलांसाठी शाळेची सहल म्हणजे एस्सेल वर्ल्ड. बोटीने खाडी ओलांडायची, दुरून पाळण्यांचे सांगाडे दिसायला लागायचे आणि वर्गात बोटीत बसण्यापासून पाळण्यात बसण्यापर्यंत कोण कुणाशेजारी बसणार याची भांडणं व्हायची. थंडर, रेनबो, हूला लूप, झिपर डिपर, टॉप स्पिन, शॉट-एन-ड्रॉप, मॉन्स्टर्स इन द मिस्ट ही नावं त्या पिढीला आजही तोंडपाठ आहेत. टीव्हीवरच्या जाहिरातीचं गाणं तर पार्क न पाहिलेल्यांनाही येत होतं. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आलं. कोविडची टाळेबंदी येऊन गेली आणि २०२२ च्या सुरुवातीला एस्सेल वर्ल्ड बंद झालं.

एखादी राइड गेली तर चाहते तिच्यावर बोलतात. अख्खं पार्क गेलं की बोलायला एक ठोस वस्तूच उरत नाही. हूला लूपचा डबा कुठे आहे? मॉन्स्टर्स इन द मिस्टमधले पुतळे कुठे गेले? त्या राइड चालवणाऱ्या माणसांना काय काय आठवतं? ज्या जागेने तीन दशकं महाराष्ट्राला हसवलं आणि घाबरवलं, तिची नीट लिहिलेली नोंद मराठीत कुठेतरी असायला हवी होती.

उत्तर भारतात हीच जखम अप्पू घरची आहे. १९८२ च्या आशियाई खेळांचं शुभचिन्ह असलेल्या हत्तीच्या नावाने हे पार्क १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या प्रगती मैदानात सुरू झालं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये बंद झालं. ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी हवी होती. झाशीहून सकाळच्या गाडीने दिल्लीला जाऊन लाल किल्ला आणि अप्पू घर एकाच फेरीत उरकणाऱ्या कुटुंबांनाही ते आपलं वाटायचं.

दोन्ही ठिकाणी एकट्या राइडचा दोष नव्हता. शहर वाढतं, जमिनीचा भाव वाढतो आणि त्या जमिनीवर पाळणे ठेवण्यापेक्षा दुसरं काही करणं फायद्याचं किंवा गरजेचं ठरतं. त्यात तिकिटावरचा करही भर घालतो. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा पार्कांच्या तिकिटावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. कुटुंबातल्या चौघांच्या तिकिटांचा हिशेब करून बघा, म्हणजे हा फरक किती मोठा हे कळेल. नवी राइड आणणं, जुनीचे सुटे भाग परदेशातून मागवणं, अभियंते ठेवणं हे सगळं त्याच तिकिटातून करायचं असतं.

काढावीच लागते तेव्हा

चाहत्यांच्या बाजूने लिहिताना एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. काही राइड काढल्याच पाहिजेत. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखी झुलणारी राइड हवेतच तुटली. दोघांचा मृत्यू झाला, पंचवीसहून अधिक जखमी झाले. आठवण कितीही गोड असली तरी ती माणसाच्या जिवापेक्षा मोठी होऊ शकत नाही.

लोखंड थकतं. एकाच जागी लाखो वेळा ताण पडला की डोळ्याला न दिसणारी भेग आतून वाढत जाते. म्हणून चांगल्या पार्कात ठरावीक काळाने आस आणि जोड उघडून चुंबकीय कणांची किंवा अल्ट्रासाउंडची चाचणी घेतात. गोराईसारख्या जागी खाऱ्या वाऱ्याने गंज लवकर चढतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोलीसारख्या ठिकाणी चार महिने धो धो पाऊस असतो. युरोपात बनवलेल्या यंत्राला इथे वेगळी निगा लागते.

रोलर कोस्टरची सकाळ प्रेक्षकांच्या कितीतरी आधी सुरू होते. मेकॅनिक रुळांच्या कडेने चालत जातात, बोल्टवरची खुणेची रेघ सरकली आहे का बघतात. रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट ढिला झाला असं समजायचं. चाकांवरचं प्लास्टिकचं आवरण हाताने चाचपतात. प्रत्येक आसनाची मांडीवरची दांडी ओढून पाहतात. मग रिकामी गाडी सोडतात. चढावर चढताना येणारा टकटक आवाज आपल्याला भीतीदायक वाटतो, पण तो सुरक्षेचा असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून डब्याखालचा खटका रुळावरच्या दातांवरून एकेक दात ओलांडत जात असतो. हा आवाज नीट येतोय ना, हेही कान देऊन ऐकणारे लोक आहेत. अशा माणसांच्या जोरावर राइड वीस-तीस वर्षं टिकते. राइडचं आयुष्य निगेवर ठरतं आणि चाहत्यांनी पहिला आवाज निगेसाठी उठवायला हवा.

केरळच्या कोची इथे २००० साली सुरू झालेल्या वीगालँडपासून पुढे वंडरला म्हणून वाढलेल्या समूहाने आपल्या बऱ्याच राइड स्वतःच्या कारखान्यात बनवण्याचा मार्ग धरला. ज्याने राइड बनवली त्यालाच ती दुरुस्त करायची असेल, तर सुट्या भागासाठी परदेशाकडे बघत सहा महिने थांबावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या पार्कांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा मार्ग लक्षपूर्वक अभ्यासावा.

सुधारणा म्हणजे नेमकं काय

'अपग्रेड' हा शब्द आता पार्कवाल्यांच्या आणि चाहत्यांच्याही तोंडी रुळला आहे. पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की भांडणं होतात.

पहिली, यंत्र बदलणं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला 'टेक्सास जायंट' हा १९९० चा लाकडी कोस्टर झिजून इतका खडखडाट करू लागला होता की २००९ मध्ये तो बंद केला गेला. लाकडी सांगाडा ठेवून त्यावर पोलादी रूळ घातले गेले आणि २०११ मध्ये तो नव्याने धावला. प्रवास मऊ झाला, चढ-उतार जास्त तीव्र झाले आणि चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. पण २०१३ च्या जुलैत त्यातून पडून एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि आसनावरच्या पकडीचा नव्याने विचार करावा लागला. राइड नवी झाली म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही.

ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कातला 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' हेच सांगतो. २००३ सालचा १२८ मीटर उंचीचा हा कोस्टर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने झेप घ्यायचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये गाडीचा धातूचा तुकडा उडून रांगेतली एक स्त्री गंभीर जखमी झाली. त्यानंतर झेपेची यंत्रणा बदलून चुंबकीय ढकलीची केली गेली आणि मे २०२४ मध्ये 'टॉप थ्रिल २' सुरू झाला. अवघ्या काही दिवसांत तो पुन्हा थांबवावा लागला आणि पुढच्या हंगामातच रुळावर आला. चाहत्यांनी या काळात धीर दाखवला, कारण पार्काने काय बदलतोय आणि का, हे सांगितलेलं होतं.

दुसरी, रूप बदलणं. डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांमधल्या 'स्प्लॅश माउंटन'चा विषय असलेल्या १९४६ च्या चित्रपटात कृष्णवर्णीयांचं चित्रण आक्षेपार्ह होतं. जून २०२० मध्ये राइडचा विषय बदलायचं जाहीर झालं. २०२३ मध्ये राइड बंद झाली आणि २०२४ मध्ये राजकुमारी टियानाच्या गोष्टीवरची नवी राइड आली. पाण्यातली वाट मात्र बरीचशी तीच राहिली. इथे मतभेद टोकाचे होते, पण अडीच वर्षं आधी कळल्यामुळे ज्यांना शेवटचं बसायचं होतं त्यांना बसता आलं. वाद मोकळेपणी झाला आणि ज्यांची दुखरी बाजू होती त्यांनाही बोलता आलं.

तिसरी, नुसतं रंगकाम करून आणि नाव बदलून नवी राइड म्हणून विकणं. याला सुधारणा म्हणता येणार नाही. प्रवाशाला नवेपणाचं वचन देऊन जुना अनुभव दिला की पुढच्या वेळी खरी सुधारणा झाली तरी त्याचा विश्वास बसत नाही.

आपल्याकडे या चर्चेचं केंद्र आता इमॅजिका आहे. मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेलं हे पार्क महाराष्ट्रातलं पहिलं खऱ्या अर्थाने विषयांवर बांधलेलं पार्क. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीने बांधलेला, पायाखाली फळी नसलेला 'नायट्रो' आजही भारतातल्या कोस्टरप्रेमींच्या बोलण्यात पहिला येतो. सुमारे ४० मीटर उंची आणि प्रवाशाला पाच वेळा उलटं करणारी वळणं. अंधारातून धावणारा 'डीप स्पेस' आणि मिस्टर इंडिया चित्रपटावरची राइड यांनी भारतीय गोष्टी आणि जागतिक यंत्रं एकत्र आणली. कर्जाच्या ओझ्याखाली अडकलेलं हे पार्क २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. लोणावळा आणि शिर्डीतली पार्कं चालवण्याचा त्यांना अनुभव आहे. पार्काचं वय वाढलं की कोणत्या राइडवर पैसा घालायचा आणि कोणती निवृत्त करायची, हे ठरवावंच लागतं. ते ठरवताना बसणाऱ्यांचं ऐकणं ही पार्काच्याच फायद्याची गोष्ट आहे.

चाहत्यांनी काय करावं

न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडचा 'सायक्लोन' हा लाकडी कोस्टर १९२७ चा आहे. सत्तरच्या दशकात तो पाडून शेजारच्या मत्स्यालयाचा विस्तार करायचं घाटत होतं. लोकांनी विरोध केला, कोस्टर वाचला आणि १९८८ मध्ये शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स' ही चाहत्यांची संघटना १९७८ पासून अशा राइडची माहिती जमवते आणि जतनासाठी आग्रह धरते. तिचं बळ रडण्यात नाही. कोणता कोस्टर कधी बांधला, कुणी बांधला, कोणते भाग मूळचे आहेत, ही माहिती तिच्या सभासदांकडे तयार असते. पार्क बोलायला बसलं की ते कागद पुढे ठेवता येतात.

मराठी चाहत्यांकडे उत्साह आहे, फोनवर चित्रित केलेल्या फेऱ्या आहेत, तुलनेसाठी देशोदेशीच्या राइड आहेत. कमी आहे ती नोंद. एस्सेल वर्ल्डमध्ये काम केलेले ऑपरेटर, मेकॅनिक, बोटवाले अजून मुंबईत आहेत. जत्रेत पाळणे लावणारी कुटुंबं दोन-तीन पिढ्या हेच काम करत आली आहेत. त्यांच्याशी बोलून, जुनी तिकिटं आणि फोटो गोळा करून, प्रत्येक राइडचा एकेक पानाचा इतिहास मराठीत लिहिला, तर पुढच्या पार्काला तो दाखवता येईल.

पार्कांकडून मागण्याही स्पष्ट असाव्यात. राइड काढायची असेल, तर किमान एक हंगाम आधी जाहीर करा आणि कारण सांगा. सुरक्षेसाठी ताबडतोब थांबवावी लागली, तर तेच कारण सांगा. लोक समजून घेतात. प्रत्येक मोठ्या राइडजवळ एक फलक लावा: कधी सुरू झाली, कुणी बांधली, शेवटची मोठी तपासणी कधी झाली. सुधारणा करताना यंत्र बदलताय, रूप बदलताय की फक्त रंग देताय, हे खरं सांगा. आणि राइड काढलीच, तर तिचा एक डबा, एक आसन, निदान तिच्या चालीचं पूर्ण चित्रण जपून ठेवा.

महापालिकांचा आणि राज्य सरकारचा यात मोठा वाटा आहे. फुलराणीला अजून कोणत्याही वारसा यादीची गरज पडलेली नाही, कारण पुणेकरांनी ती जपली. पण शहराच्या योजना बदलतात, माणसं बदलतात. पुणे महापालिकेने फुलराणीला अधिकृतपणे वारशाचा दर्जा द्यावा आणि तिच्या दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद करावी. जत्रेतल्या पाळण्यांसाठी जिल्हा प्रशासनाने परवान्यासोबत तांत्रिक तपासणीचा अहवाल सक्तीचा करावा आणि तो मैदानावरच लावावा. प्रवेशद्वारावर तो वाचून बसायचं की नाही हे आई-वडिलांनी ठरवावं, एवढा हक्क त्यांचा आहेच.

या मागण्यांपैकी कोणतीही पार्काला किंवा सरकारला परवडणार नाही इतकी महाग नाही. यंत्र जुनं होईल, बदलेल, कधी जाईलही. पण बसणाऱ्यांना वेळेवर आणि खरं सांगितलं, जिवाला जपलं आणि जे होतं त्याची नोंद ठेवली, तर राइड काढण्याच्या दिवशीही लोक पार्काच्या बाजूने उभे राहतील. पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकातच पार्कांनी ही सुरुवात करावी, आणि चाहत्यांनी पहिल्याच दिवशी तिची विचारणा करावी.